विंडोज आणि लिनक्सवर एकाच सी कोडने वाइड अक्षरं कशी वाचावीत

समजा, ‘पुणे ४११००१’ या ओळीतून गावाचं नाव आणि पिनकोड वेगळे काढायचे आहेत. वाइड अक्षरांच्या (एका बाइटापेक्षा मोठ्या खणात ठेवलेल्या अक्षरांच्या) ओळीतून भाग वेगळे काढणाऱ्या एसडब्ल्यूस्कॅनएफ फंक्शनला ‘शब्द वाच’ सांगणारं %एस दिलं की विंडोजवर नाव बरोबर येतं. तोच कोड लिनक्सवर नेला की कचरा. (फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, कोडमध्ये ती रोमन लिपीतच.)

गोम %एस मध्येच आहे. सी मानकात %एस म्हणजे साधी, एकेका बाइटाची स्ट्रिंग, मग फंक्शन वाइड का असेना. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत मात्र वाइड फंक्शनमधलं %एस वाइड स्ट्रिंग मागतं. त्यामुळे लिनक्सवर यूटीएफ-८ लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग) असताना ‘पुणे’चे चार कोडपॉइंट (युनिकोडमधले अक्षरक्रमांक) १२ बाइट होतात, शेवटचा शून्य धरून १३, आणि अॅरेच्या चार-चार बाइटांच्या खणांत दाटीवाटीने भरले जातात. जीसीसी हा कंपायलर वाइड फॉरमॅट तपासत नाही, त्यामुळे सगळ्या वॉर्निंग चालू असूनही हे निसटतं.

तेव्हा आधी %एस जाऊन %एलएस येऊ द्या. ते दोन्हीकडे वाइडच असतं. %सी आणि %[ यांनाही तसाच एल लावा. ३२ खणांच्या अॅरेसाठी %३१एलएस लिहा, एक खण शून्यासाठी. विंडोजचा कंपायलर याच फंक्शनचं नावाअखेर ‘_एस’ असलेलं रूप सुचवेल. ते स्ट्रिंगमागे अॅरेचं मापही मागतं आणि ग्लिबसीत (लिनक्सच्या सी लायब्ररीत) ते नाहीच. रुंदी (वरच्यासारखे ३१) दिलेली असेल तर वॉर्निंग बंद केलेली बरी.

ओळ कीबोर्डवरून एफगेटडब्ल्यूएस या वाइड ओळ वाचणाऱ्या फंक्शनने घेणार असाल, तर लिनक्सवर पहिल्या वाचनाआधी रिकाम्या स्ट्रिंगसह सेटलोकेल बोलवा. विंडोज कन्सोलला तेवढं पुरत नाही. तिथे _सेटमोडने एसटीडीइन (कीबोर्डकडून येणारा प्रवाह) यू१६टेक्स्ट मोडमध्ये न्यावा लागतो. त्यानंतर त्याच स्ट्रीमवर साधं स्कॅनएफ वापरू नका.

खणांची संख्याही सारखी धरू नका. डब्ल्यूचार_टी विंडोजवर २ बाइटांचा, लिनक्सवर ४. देवनागरीत फरक जाणवत नाही, पण मोडी लिपीचं प्रत्येक अक्षर विंडोजवर दोन खण खातं.

राहिला पिनकोड. लिनक्सचं आकडा वाचणारं %डी ‘४’पाशीच थांबतं आणि फंक्शन २ ऐवजी १ परत करतं, म्हणून परतीची किंमत तपासाच. वाइड स्ट्रिंगचा आकडा करणाऱ्या डब्ल्यूसीएसटीओएलने सुटेल म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टचं देवनागरी अंक वाचतं, ग्लिबसीचं शून्य देतं. त्यापेक्षा पिनकोडही %६एलएस ने घ्या आणि हेक्स ०९६६ पासूनच्या दहा कोडपॉइंटांतून ०९६६ वजा करून अंक स्वतः काढा.