वाहक नॅनोट्यूबचा ईएसआर संकेत विकृत येत असल्यास

कार्बन नॅनोट्यूबचे चूर्ण ९.५ गिगाहर्ट्‌झच्या ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन अनुनाद) यंत्रात ठेवताच, नमुना जिथे बसतो त्या सूक्ष्मलहरींच्या पोकळीचा क्यू गुणांक (ती ऊर्जा किती टिकवून धरते याचे माप) कोसळत असे आणि ट्यूनिंग कसेबसे जमलेच तर रेषा असममित, म्हणजे वाहक नमुन्यांत दिसणाऱ्या डायसन पद्धतीची येई. सूक्ष्मलहरींची शक्ती घटवून पाहिली, चुंबकीय क्षेत्राचे मॉड्युलेशन बदलले; दोन आठवडे अक्षरशः वाया गेले.

दोष यंत्रात नव्हता, तर एकमेकांना टेकलेल्या वाहक कणांत होता. शेवटी कण सुटे राहावेत म्हणून विद्युतरोधक मॅग्नेशियम ऑक्साइड तापवून कोरडे केले, ते आधी एकटेच मोजले (त्यात अशुद्धी म्हणून असलेल्या मँगनीजच्या सहा रेषा बऱ्याचदा दिसतात, अर्थात जी मूल्याच्या (रेषा कुठे येते ते सांगणाऱ्या अंकाच्या) अंशांकनाला त्या उपयोगीच पडतात), मग त्यात वजनाने १ टक्का नॅनोट्यूब खलून मिश्रण बारीक क्वार्ट्‌झ नळीत भरले, निर्वातात ऑक्सिजन काढून नळी बंद केली आणि ती पोकळीच्या अक्षावर, जिथे विद्युतक्षेत्र किमान असते तिथे, बसवली. क्यू सावरला, रेषा सममित झाली.