गावात मनाच्या आरोग्याचं काम : नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्रातलं एमए करून विदर्भ-मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात कामाला लागणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. नोकरी बहुधा राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी, नाहीतर एखाद्या संस्थेच्या प्रकल्पातली. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती नसताना सरपंचांनी 'हे डॉक्टर' अशी ओळख करून दिली, तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. नाहीतर पुढच्या फेरीला लोक गोळ्या मागतात आणि दिल्या नाहीत की नाराज होतात.

समुपदेशनाची तंत्रं तुम्ही शिकून आलेलाच आहात. गावात काम अडतं ते भलत्याच ठिकाणी: एसटीची वेळ, बाजाराचा दिवस, दारात उभी राहिलेली गाडी.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून, कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यातल्या प्रयोगाच्या धर्तीवर चालतो. त्यातलं जिल्ह्याचं पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात येतं. तो दिवस आणि आठवडी बाजाराचा वार सगळ्यात आधी एकाखाली एक लिहून काढा. दोन्ही एकच असतील तर सोनं. माणूस 'बाजाराला चाललो' म्हणून निघतो, कोणाला काही सांगावं लागत नाही. वेगळे असतील तर एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते, वर दोघांचं तिकीट. रजिस्टरमध्ये 'उपचार सोडले' असा शेरा असलेले कितीतरी जण खरं तर इथेच गळालेले असतात.

पहिला महिना एकही प्रश्नावली भरू नका. आशाताईंबरोबर फिरा, बचत गटाच्या बैठकीत, भजनाला, कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर बसा. कोणाचं कोणाशी पटत नाही हे कळेपर्यंत ओसरीवर तोंड उघडण्यात अर्थ नाही. आशाताई गावातल्याच असतात, ही त्यांची ताकद आणि अडचणही. निम्मं गाव त्यांच्या भावकीतलं असतं. एखादी सून त्यांच्यासमोर बोलत नसेल तर उपकेंद्रात रक्तदाब मोजायच्या निमित्ताने बोलवा. आणि आरोग्य विभागाची पाटी लावलेली गाडी कधीच थेट दारात उभी करू नका. ती देवळापाशी लावून चार घरं चालत जा, आणि चारही घरांत जा.

'मानसिक' हा शब्द पहिल्या भेटीत नकोच. लोक सांगतात ते असं: डोकं जड आहे, छातीत धडधडतं, जिवाला बरं वाटत नाही, मन लागत नाही, टेन्शन आहे. तुम्हीही झोपेपासून सुरू करा. "रात्री झोप लागते का?" या प्रश्नाला कोणाची ना नसते. "पहाटे किती वाजता जाग येते?" याच्या उत्तरात बरंच काही येतं. नेहमीपेक्षा दोन तास आधी, रोज, आणि मग पडून विचार, असं उत्तर आलं तर सावध व्हा.

नैराश्याच्या चाचपणीसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. दहा किंवा जास्त आले की पुढे पाठवायचं, वीस किंवा जास्त म्हणजे तीव्र. कागदावर सोपं दिसतं, गावात दोन ठिकाणी घसरतं. प्रश्न 'मागच्या दोन आठवड्यां'बद्दल असतात आणि शेतातलं माणूस आठवडे मोजत नाही. 'मागच्या दोन बाजारांपासून' असं विचारा, लगेच हिशोब लागतो. दुसरं म्हणजे पेरणीत आणि वेचणीत थकवा सगळ्यांनाच असतो, गुण उगीच फुगतात. तिथे एक जोडप्रश्न घाला: "रात्रभर आराम झाल्यावर सकाळी उतरतो का?" शिवाय घरचे भोवती उभे असताना मिळालेला शून्य धरूच नका.

नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा. नवखे तो पुटपुटून उरकतात. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसाचा बांध फुटतो. सरळ विचारा: "जीव नकोसा होतो का? जीव द्यावा असं मनात येतं का?" हो म्हटलं तर पुढचं त्याच बैठकीत: कसं करायचं ठरवलंय का, ते हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झालाय का, दारू आहे का. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. त्याला सांगूनच घरातल्या एकाला विश्वासात घ्या, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. स्पीकरवर लावून सोबत बसा. नुसता क्रमांक लिहिलेली चिठ्ठी देऊन निघू नका, ती खिशात धुतली जाते.

मग फवारणीचं औषध. 'कपाटाला कुलूप लावा' हा सल्ला तोकडा पडतो, कारण किल्ली कपाटाच्याच खिळ्याला असते. श्रीलंकेत अनुराधापूर भागातल्या १८० गावांत कुलपाच्या पेट्यांची मोठी चाचणी झाली, तिच्यात विषप्राशनाचे प्रयत्न कमी झालेले दिसले नाहीत. त्याच देशात अतिविषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली तेव्हा मात्र मृत्यू ठळकपणे घटले. त्यामुळे जोखमीच्या घरात डबा घराबाहेर गेला पाहिजे: भावाच्या शेतातल्या कोठीत, नाहीतर न फोडलेला असेल तर दुकानदाराकडे परत. उरलेलं अर्धं औषध 'पुढच्या हंगामाला' म्हणून आड्यावर ठेवलेलं असतं, तेही विचारा.

कोणी प्यायलंच तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर जास्त घात होतो. अंगावरचे कपडे काढा, कातडी साबणाने धुवा, आपल्या हातांना लागू देऊ नका, १०८ला फोन करा आणि डबा लेबलसकट सोबत न्या. घरचे पोलिसांच्या धाकाने गाडी खासगी दवाखान्याकडे वळवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. रुग्णालयात नोंद होते, पोलीस जबाब घेतात. पण प्रयत्न केला म्हणून तेवढ्यावरून गुन्हा दाखल होत नाही.

दारूबद्दल एक धोका शिकवताना क्वचितच सांगतात. गावात दारू सुटते ती माळ घालून किंवा देवापुढे शपथ घेऊन, म्हणजे एका दिवसात. बेताने पिणाऱ्याला ते चालून जातं. पण सकाळी हात थरथरतात म्हणून ज्याला पहिला पेला लागतो, त्याने असं एकदम सोडलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम सुरू होतो, भिंतीवर किडे दिसतात, आणि गाव म्हणतं देवाचा कोप झाला. जीवही जातो. अशा माणसाला माळ घालण्याआधी डॉक्टरला दाखवा. गावातली 'ताकदीची सलाईन'ही जपून. बी-१ जीवनसत्त्व न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

गोळ्या सुरू झाल्या की पहिली भेट सातव्या-आठव्या दिवशी, महिन्याने नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ आणि डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. त्यामुळे घरात निष्कर्ष निघतो की 'औषध सोसत नाही'. दुसरी गळती दीड महिन्याने, बरं वाटलं म्हणून. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या आणि डॉक्टरांच्या सांगण्याने उतरवायच्या, हे रुग्णाच्या आईला किंवा बायकोला वेगळं सांगा. गोळ्यांचा डबा त्यांच्याच ताब्यात असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषधनिर्मात्याशी ओळख ठेवा, साठा संपत आला की त्यालाच आधी कळतं.

'बाहेरचं आहे' म्हणून उतारा, देवऋषी, सैलानी बाबांच्या दर्ग्याची वारी चालू असेल तर वाद घालू नका. "तेही करा, गोळीही चुकवू नका" एवढं पुरतं. साखळदंड, मारहाण किंवा उपास दिसला की मात्र गप्प बसायचं नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवायचं.

हे सगळं किती उपयोगी पडतं, याचा एक ताळा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातलेच कार्यकर्ते आणि सल्लागार तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे चांगलं काम होऊनही चारातले तीन बाहेरच राहिले. आपल्या रजिस्टरकडे याच मापाने बघा.

ज्या घरात आत्महत्या झाली, तिथे तेरवीच्या आत कागद घेऊन जाऊ नका. नुसते जाऊन बसा. तेरवीनंतर मात्र उशीरही नको. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, सातबारा, बँकेची आणि सोसायटीची थकबाकी हे शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीसाठी तहसीलला लागतं. प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्हा समिती ठरवते. तलाठ्याकडे वारसनोंद करताना विधवेचं नाव लागतंय ना, यावर लक्ष ठेवा. बऱ्याचदा जमीन सासऱ्याच्या नावावर असते आणि दिरांची तिथेच कुजबुज सुरू होते. तिच्या झोपेची चौकशी त्याच फेरीत करा, आणि मोठा मुलगा शाळेत जातोय की सालाने लागलाय तेही विचारा.