देश आधी की देव?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देशासाठीची मध्यस्थीची प्रार्थना बहुधा माझ्याकडे असते, त्यामुळे तरुण मंडळी हा प्रश्न मलाच विचारतात. मी सरळ सांगते, देव आधी. हा क्रम पक्का असला की देशावर जीव लावायला भीती वाटत नाही.

सुरुवात प्रार्थनेपासून करा. राज्यकर्त्यांची नावं घ्या. ज्यांना मत दिलं नाही त्यांचीही. बाबेलात बंदी होऊन गेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्याने काय लिहिलं ते बायबलमधल्या त्याच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात वाचा: त्याच नगराच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग देशाच्या पापांची क्षमा मागा. दानिएलाच्या पुस्तकातल्या ९व्या अध्यायातली प्रार्थना मला फार मोलाची वाटते, कारण एवढा नीतिमान माणूस स्वतःला वगळत नाही. आम्ही पाप केलं, असंच म्हणतो. शेवटी ज्या देशाशी आपलं वैर आहे, त्याचंही नाव घ्या. जीभ अडखळेल. अडखळली तर पुढे जाण्याची घाई करू नका, देशप्रेमात द्वेष कुठे शिरलाय ते तिथेच कळतं.

कर भरा, मतदान करा, कायदा पाळा. यावर फार बोलायला नको.

पण हक्कही सोडू नका. फिलिप्पै नगरात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी निरोप आला, गुपचूप निघून जा. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्याने ठणकावलं. ते आले, विनवण्या केल्या. याच पौलाने पुढे त्याच फिलिप्पैकरांना लिहिलं की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. स्वर्गाचा नागरिक आहे म्हणून त्याने इथला अन्याय मुकाट्याने गिळला नाही.

देवाच्या आज्ञेविरुद्ध हुकूम आला तर नकार द्या, उघडपणे, आणि परिणाम सोसायची तयारी ठेवा. हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिच बॉनहोफर १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित होते. तरी काही आठवड्यांतच जर्मनीला परतले. देशबांधवांचं दुःख वाटून घेतलं नाही, तर युद्धानंतर तिथल्या मंडळीच्या उभारणीत हात घालायचा अधिकार आपल्याला उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्यांना फाशी दिलं. माझ्या मते त्यांच्याइतकं देशप्रेम हिटलरचा जयजयकार करणाऱ्यांत नव्हतं.

राष्ट्रगीताला मी आनंदाने उभी राहते. मान देणं म्हणजे उपासना नव्हे. पण एखाद्या विश्वासणाऱ्याचा विवेक त्याला ते गाऊ देत नसेल, तर त्याला देशद्रोही म्हणू नका. अशा बाबतीत एकमेकांना दोष लावू नका असं सांगणारा, पौलाच्या रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय त्याच्याबरोबर बसून वाचा.