स्वाक्षरीच्या चेंडूंचा संग्रह कसा सुरू करावा

खेळाडूंच्या सह्या घेतलेले क्रिकेटचे चेंडू जमवायला ठाणे-नवी मुंबईकरांना फार लांब जावे लागत नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने ज्या मैदानावर विश्वचषक जिंकला, ते नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम लोकलच्या अंतरावर आहे. तरीही सुरुवात मोठ्या नावांपासून करू नये, कारण स्थानिक सामन्यानंतर निवांत झालेला खेळाडू सही शांतपणे आणि वाचता येईल अशी करतो.

चेंडूबाबत मात्र चोखंदळ असावे. लाल चेंडूच्या गडद कातड्यावर निळी शाई दिसतच नाही, म्हणून नवा पांढरा चेंडू घेऊन मऊ सुती कापडाने पुसावा आणि शिवणीपासून दूरची मोकळी बाजू खेळाडूपुढे धरावी. बेसबॉलचे संग्राहक निळे बॉलपेन पसंत करतात, कारण त्या कातड्यात मार्करची शाई पसरते. आपल्या क्रिकेटच्या चेंडूच्या गुळगुळीत थरावर बॉलपेन घसरते, तेव्हा बारीक टोकाचा पर्मनंट मार्करच बरा. शाई वाळेपर्यंत चेंडू शिवणीवरच धरावा. (माझी पहिली सही माझ्याच अंगठ्याने पुसली.)

पावसाळ्यात कातड्याला बुरशी येते, म्हणून घट्ट झाकणाच्या पारदर्शक डबीत सिलिका जेलची पुडी, तसेच तारीख व ठिकाण लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि डबी उन्हापासून दूर असावी.