राईडचा पडदा बदलताना या चुका टाळा

“बाय, दांड्याला धर!” असं मी दर शोला ओरडायचो, पण चार वर्षांची पोर धरणार कशी? मोठ्यांच्या मापाचा थ्रीडी चष्मा नाकावरून घसरत असायचा आणि तिचे दोन्ही हात तो सावरण्यातच गुंतलेले. सीट कलली की ती शेजारच्या आजीवर आदळायची. कळंगुटच्या बाजूला हलत्या सीटच्या एका छोट्या राईडवर मी प्रोजेक्टर सांभाळायचो. आम्ही आधी थ्रीडी काढून टाकलं, मग फोर के, म्हणजे जास्त बारकावे दाखवणारा प्रोजेक्टर, आणला. दोन्ही वेळा सगळं लक्ष चित्राकडे होतं. सीटवर कोण बसतं हे नंतर आठवलं, तोवर मे महिन्याची गर्दी दाराशी आली होती.

चष्मे काढले, पडदा तोच ठेवला

थ्रीडीत डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगळं चित्र असतं. पोलराइज्ड चष्मे ती दोन चित्रं प्रकाशलहरींच्या दिशेवरून वेगळी करतात. अशा थ्रीडीला चंदेरी लेपाचा पडदा लागतो, कारण साध्या पांढऱ्या पडद्यावर ती दिशा, म्हणजे प्रकाशाचं ध्रुवीकरण, टिकत नाही. हा पडदा प्रकाश समोरच्या दिशेला जास्त फेकतो. थ्रीडीत ते सोयीचंच असतं, कारण तिथे उजेडाची मुळातच टंचाई. साध्या चित्रासाठी सिनेमागृहात १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड धरतात, थ्रीडीत चष्म्यामागे बऱ्याचदा साडेचारच्या आसपासच उरतो. म्हणून आमचा दिवा पूर्ण ताकदीने चालायचा. चष्मे गेले आणि मधल्या रांगेतली माणसं डोळे बारीक करू लागली, कडेच्यांना मात्र तिन्हीसांजेसारखं दिसत होतं. पांढरा मॅट पडदा लावणं हाच खरा उपाय. ते लगेच जमत नसेल तर दिवा कमी करा आणि प्रत्येक सीटवर बसून लाइट मीटरने मोजा. चंदेरी पडद्यावर खाऱ्या हवेने डाग पडले तरी ओलं फडकं मारू नका, लेप निघतो.

चित्रफीतही तपासा. आमच्या फितीत साप अंगावर झेपावायचा, क्षणभर थांबायचा आणि पाण्याचा फवारा यायचा. थ्रीडीत पोरं किंचाळायची. चष्म्याविना तो थांबा नुसता रिकामा वाटायचा आणि फवारा उशिरा आल्यासारखा. असे थांबे कापून फवारा आधी आणावा लागतो. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल पार्कातली हॅरी पॉटर राईड २०१६ मध्ये थ्रीडीत सुरू झाली आणि पुढे तिथेही चष्मे काढले. तेव्हा थ्रीडी सोडण्यात कमीपणा नाही, पण काम अर्धवट सोडू नये.

नवा प्रोजेक्टर, जुनी सीटची वेळ

पोटात ढवळतं ते बहुतेक इथे. नवी यंत्रणा चित्रावर प्रक्रिया करताना दोन-तीन फ्रेम मागे पडते. ३० फ्रेमच्या फितीत एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे तीन फ्रेममध्ये सेकंदाचा दहावा भाग गेला. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते ‘कललो’ आणि डोळे म्हणतात ‘अजून नाही’. आमच्याकडे तक्रार ‘सीट फार हलते’ अशी यायची, म्हणून आम्ही झटके कमी करत गेलो. राईड मिळमिळीत झाली, मळमळ तशीच राहिली.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. एका झटक्याच्या नेमक्या क्षणी फितीत एक पांढरी फ्रेम टाका. मोबाइल २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर असा ठेवा की पडदा आणि सीटची कड दोन्ही दिसतील. पांढरं चमकण्याच्या किती फ्रेम आधी किंवा नंतर सीट हलते ते मोजा. मोबाइलची एक फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंदांची. सीट खरोखर हललेली धरा, कंट्रोलरने आज्ञा दिलेली नव्हे. तेवढ्याने सीटची आज्ञा सरकवा, मग आवाजही जुळवून घ्या.

थ्रीडी आणणार असाल तर

पणजीत मिरामारच्या विज्ञान केंद्रात थ्रीडी पाहिलेली मुलं तुमच्याकडेही तेच मागतील. पण हलत्या सीटवर डोकंही कलतं. लिनिअर पोलराइज्ड चष्म्यात प्रकाशाची दिशा सरळ रेषेत ठरलेली असते, त्यामुळे डोकं कललं की दुहेरी चित्र दिसतं. सर्क्युलर, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे, चष्मे घ्या, निदान काही लहान मापाचे. छोट्या पडद्यासाठी केलेली थ्रीडी फीत मोठ्या पडद्यावर ताणू नका. डाव्या-उजव्या चित्रांतलं अंतरही ताणलं जातं आणि ते डोळ्यांतल्या अंतराहून वाढलं की डोळे बाहेर वळवावे लागतात. मोठ्या माणसाच्या बाहुल्यांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं, लहान मुलांत त्याहून कमी, म्हणून आधी पोरांचं डोकं दुखतं.

फक्त मधल्या सीटवरून पाहणं

डिस्नेच्या ‘सोअरिन’ या वक्र पडद्यासमोर उडण्याचा भास देणाऱ्या राईडमध्ये २०१६ साली नवी डिजिटल फीत आली, आणि कडेच्या सीटवरून आयफेल टॉवर वाकलेला दिसतो. वक्र पडद्यावर उभ्या सरळ रेषा असलेली दृश्यं मधोमध बसणाऱ्यालाच सरळ दिसतात. देवळाची दीपमाळ, माड, दीपस्तंभ चित्रात असतील तर दोन्ही टोकांच्या सीटवर बसून पाहा.

चाचणीला घरचीच माणसं बसवा: नंबरचा चष्मा लावणारी आजी, एक लहान मूल, टोकाच्या सीटवर कुणी उंच. शो संपल्यावर ‘छान होतं’ असंच सगळे सांगतात. म्हणून राईड चालू असताना अंधारात उभं राहून त्यांचे हात कुठे आहेत ते बघा.