साताऱ्याहून डॉल्फिन पाहायला निघताना

साताऱ्याहून गुहागरला डॉल्फिन पाहायला जाणारी मंडळी सकाळी निघतात, कराड-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरतात आणि दुपारी पोहोचताच होडीत बसतात. नेमकी इथेच चूक होते. दुपारी वारा वाढतो, लाटांवर पांढरा फेस उठतो आणि त्या फेसात श्वास घेण्यासाठी क्षणभर वर येणारी पाठ ओळखता येत नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान आदल्या रात्री किनाऱ्यावर मुक्काम करून सकाळची पहिली होडी पकडावी. आपल्या किनाऱ्यालगत मुख्यतः कुबडाचा (हंपबॅक) डॉल्फिन दिसतो. त्याच्या पाठीवर उंचवटा असून त्यावर लहानसा पर असतो, आणि तो उथळ पाण्यात, खाडीच्या मुखाजवळ वावरतो. देवमासा दिसला तर भाग्यच. त्याची अपेक्षा ठेवून जाऊ नये. डॉल्फिन दिसताच तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, पाठलाग करायला लावू नये, उलट वेग कमी करून बाजूने, अंतर राखून चालण्याची विनंती करावी, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला पूर्ण संरक्षण आहे आणि इंजिनाच्या आवाजाने बुजलेला कळप बराच वेळ वर येत नाही. लाइफ जॅकेट मात्र न विसरता घालावे.