एकाच शेगडीवर ख्रिसमस पुडिंग

इंग्रजी पद्धतीचे पारंपरिक ख्रिसमस पुडिंग भट्टीत भाजत नाहीत, ते कित्येक तास वाफेवर शिजवतात. त्यामुळे बेळगावच्या कॅम्पात किंवा खानापूर-निपाणीकडे भाड्याच्या खोलीत एक शेगडी, एक कुकर आणि अर्ध्या लिटरचे दोन स्टीलचे डबे एवढेच असले, तरी ओव्हनवाचून काही अडत नाही. इंग्लंडमध्ये आगमनकाळापूर्वीच्या (अ‍ॅडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचे सुमारे चार आठवडे) शेवटच्या रविवारी, म्हणजे २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान, घरातल्या प्रत्येकाने हे मिश्रण ढवळण्याची प्रथा आहे. आपल्याकडेही तो सुमार सोयीचा पडतो, कारण तोवर गुऱ्हाळे सुरू होऊन ताजी काकवी मिळू लागते आणि मूळ कृतीतल्या काळ्या पाकाची जागा ती उत्तम भरून काढते.

काळे मनुके व बेदाणे मिळून ३०० ग्रॅम आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल ५० ग्रॅम, हे बारीक चिरून ७५ मिलिलिटर रम किंवा ब्रँडीत रात्रभर भिजवावे. तयार साल मिळाली नाही, तर टुटीफ्रुटीवर वेळ मारून नेऊ नये. सालीचा किंचित कडवटपणा या गोड पदार्थाला आवश्यकच आहे. साल तीनदा पाणी बदलून उकळावी आणि साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवावी.

मूळ कृतीत गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी घालतात. ती लोण्यापेक्षा उशिरा वितळते, तोवर पीठ धरू लागलेले असते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या राहून पुडिंग हलके होते. लोण्यात हा गुण नसल्यामुळे १०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी तितक्याच किसलेल्या गुळाबरोबर फिकट रंग येईपर्यंत फेसावे. त्यात एकेक करून दोन अंडी, मग एक चमचा काकवी, १०० ग्रॅम शिळ्या पावाचा चुरा, ५० ग्रॅम मैदा, जायफळ-दालचिनी-लवंगेची मिळून एक लहान चमचा पूड आणि शेवटी भिजवलेली फळे घालावीत. पुष्कळजण गाजर किंवा सफरचंदही किसून घालतात, परंतु त्यामुळे ओलावा वाढतो. फ्रिज नसेल तर ते टाळावे.

खरी काळजी डबे बांधताना घ्यावी लागते. आतून लोणी लावून डबे भरावेत व वर बोटभर जागा ठेवावी. घट्ट झाकण न लावता आधी बटर पेपर आणि त्यावर फॉइल घ्यावी, दोन्हींना मधोमध एक चुणी घालावी म्हणजे पुडिंग फुगायला वाव राहतो, आणि काठाखाली सुतळीने आवळून बांधावे. सुतळीचाच एक आडवा बंद वर ठेवला की गरम डबा सहज उचलता येतो. कुकरच्या तळाशी जाळी ठेवून डब्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत उकळते पाणी ओतावे. पहिली वीस मिनिटे शिट्टी न लावता वाफ जाऊ द्यावी, नाहीतर पुडिंग घट्ट बसते. त्यानंतर शिट्टी लावून अगदी मंद आचेवर सव्वा तास ठेवावे. मध्ये एकदा गॅस बंद करून, दाब आपोआप उतरल्यावरच झाकण काढून पाणी पाहावे. अंगणात चूल असेल तर झाकणाच्या पातेल्यात साडेचार तास लागतात, आणि पाणी घालायचे ते उकळतेच घालावे.

पूर्ण गार झाल्यावर ओला झालेला कागद बदलून डबे कपाटात, चुलीपासून दूर, थंड व कोरड्या जागी ठेवावेत. महिनाभरात चव मुरते आणि रंग गडद होतो. रमऐवजी संत्र्याचा रस वापरला असेल, तर मात्र पुडिंग फ्रिजमध्येच ठेवावे, किंवा नाताळच्या आदल्या दिवशी करावे.

नाताळच्या दिवशी तासभर पुन्हा वाफवून, ताटात उपडे करून कस्टर्डबरोबर वाढावे. उरलेल्या पुडिंगच्या जाड चकत्या दुसऱ्या दिवशी तव्यावर लोण्यात परतल्या, की त्यांच्या कडा खरपूस होतात.